मातीत सोडलेल्या जीएम जिवाणूंचे जीन्स इतर जिवाणूंत जातात का?

प्रश्न असा आहे की लॅबमध्ये जीन बदलून तयार केलेले (म्हणजे जीएम) जिवाणू उद्या शेतात सोडले, रोगासाठी म्हणा, नत्रासाठी म्हणा, नाहीतर तेल सांडून खराब झालेली जमीन साफ करायला म्हणा, तर त्यांच्यातला जीन मातीतल्या बाकीच्या जिवाणूंत जाईल का, आणि एकदा गेला की तो परत गोळा करता येणार आहे का. सोबत दुसरा प्रश्न, की आपण दरवर्षी बियाण्याला रायझोबियम (द्विदल पिकाच्या मुळावर गाठी करून नत्र बांधणारे जिवाणू) लावतो त्यातपण असलं काही होतं का. दोन्हीचं उत्तर एकत्रच देते, कारण दुसरा नीट कळला की पहिला अर्धा सुटतो.

सरळ सांगायचं तर हो, जातात. मातीतले जिवाणू एकमेकांना जीन्स देत-घेतच असतात, त्यात माणसाने घातलेला आणि निसर्गातला असा भेद त्यांना कळत नाही. पण इतकी वर्षं हेच काम करून माझं मत असं झालंय की "जातो का" एवढ्यावर थांबलं तर हाती काहीच लागत नाही. विचारायचं ते हे, की तो जीन जिवाणूत बसवलाय कुठे, आणि ज्या जिवाणूला तो मिळेल त्याचा त्यात फायदा काय. खाली जे काही सांगतेय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

रस्ते तीन आहेत. एक म्हणजे दोन जिवाणू चिकटतात आणि एकातून दुसऱ्यात डीएनए जातो, ते कॉंज्युगेशन. दुसरा म्हणजे मेलेल्या पेशीतून बाहेर पडलेला उघडा डीएनए एखादा जिवाणू आत ओढून घेतो, ते ट्रान्सफॉर्मेशन, ग्रिफिथने १९२८ मध्ये न्यूमोनियाच्या जिवाणूंत पाहिलं ते हेच. तिसरा म्हणजे जिवाणूंना लागणारे व्हायरस चुकून एकाचा डीएनए दुसऱ्यात नेतात, ते ट्रान्सडक्शन. मातीत सगळ्यात जास्त काळजी पहिल्याची, कारण त्यात प्लाझ्मिड जातो. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य क्रोमोसोमपासून वेगळा असलेला डीएनएचा छोटा गोल तुकडा, आणि त्यातल्या बऱ्याच प्लाझ्मिडांवर स्वतःला दुसऱ्या पेशीत पाठवायची सगळी यंत्रणा, म्हणजे ट्रा जीन्स, आधीच असते. आनंद मोहन चक्रवर्तींचा जो तेल खाणारा सुडोमोनस, ज्याच्या पेटंटवर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला, तोही वेगवेगळे प्लाझ्मिड कॉंज्युगेशननेच एका पेशीत आणून बनवलेला होता. म्हणजे ज्या प्रक्रियेची आता भीती वाटते तीच वापरून तो जिवाणू तयार झाला, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता ऑस्ट्रेलियाची केस सांगते, कारण या विषयात याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पीच, बदाम, गुलाब वगैरे झाडांच्या मुळांवर नि बुंध्यावर गाठी येतात, क्राऊन गॉल म्हणतात, आणि तो अॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स नावाच्या जिवाणूमुळे होतो. अॅडलेडच्या वेट इन्स्टिट्यूटमधल्या अॅलन केर यांना याच कुळातला एक निरुपद्रवी जिवाणू मिळाला, के-८४. रोप लावायच्या आधी मुळं या जिवाणूच्या पाण्यात बुडवून काढायची, बस, गाठी येत नाहीत. १९७० च्या दशकापासून हे वापरात आलं. के-८४ अॅग्रोसिन-८४ नावाचं एक विष बनवतो, आणि गंमत म्हणजे रोगाचा जिवाणू ते स्वतःहून आत घेतो, कारण गाठीत तयार होणारं त्याचं खास खाणं ज्या वाटेने तो आत घेतो त्याच वाटेने हे विष शिरतं. आत गेलं की प्रोटीन बनवायला लागणारं एक एन्झाइम बंद पडतं. मग के-८४ स्वतः का मरत नाही? कारण त्याच्याकडे त्या एन्झाइमची दुसरी कॉपी आहे, जिच्यावर विषाचा परिणाम होत नाही. आणि विष बनवायचे जीन्स, विषापासून वाचवणारा जीन, शिवाय दुसऱ्या पेशीत जायची ट्रा यंत्रणा, हे सगळं एकाच प्लाझ्मिडवर आहे.

घोळ इथेच आहे. के-८४ ने हा प्लाझ्मिड जर रोगाच्या जिवाणूला दिला तर तो रोगकारकही राहणार आणि विषाला दादही देणार नाही. आणि हे नुसतं कागदावरचं गणित नव्हतं, ग्रीसमधल्या प्रयोगात असे प्लाझ्मिड घेतलेले रोगकारक जिवाणू प्रत्यक्ष सापडले. म्हणजे इतकं छान चालणारं जैविक औषध आपणच वापरून वापरून निकामी करणार होतो. इथे लक्षात घ्या, के-८४ जीएम नव्हताच, जमिनीत सापडलेला साधा जिवाणू होता.

मग केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेनेटिक इंजिनिअरिंग केलं, पण नवीन काही घालायला नाही, कापायला. प्लाझ्मिडचा ट्रा भागावरचा सुमारे ६ हजार बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एकेक अक्षर) तुकडा काढून टाकला, बाकी सगळं जसंच्या तसं. त्या नव्या जिवाणूचं नाव के-१०२६. विष तेवढंच बनवतो, संरक्षण तेवढंच देतो, फक्त प्लाझ्मिड दुसऱ्याला देता येत नाही. तुलना करून पाहिलं तेव्हा के-८४ कडून प्लाझ्मिड रोगकारकात गेलेला दिसायचा, के-१०२६ कडून दिसला नाही. १९८९ च्या सुमाराला तो ऑस्ट्रेलियात नोगॉल नावाने विकायला आला, उघड्यावर वापरायला व्यापारी परवानगी मिळालेला जगातला पहिला जीएम जिवाणू म्हणून तोच सांगतात. म्हणजे या केसमध्ये जीएम जिवाणू हा जीन पसरण्याचा धोका नव्हता, जीन पसरू नये म्हणून केलेला उपाय होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण "जीएम म्हणजे पसरणार आणि नैसर्गिक म्हणजे सुरक्षित" हे समीकरण इथे पूर्ण उलटं पडतं.

दुसरी केस न्यूझीलंडची, आणि ही रायझोबियमवाल्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. ओटागो भागात लॅमरमूर म्हणून ठिकाण आहे, तिथे लोटस नावाचं द्विदल चाऱ्याचं पीक लावलं. त्या जमिनीत लोटसवर गाठी करणारे जिवाणू मुळात नव्हते, म्हणून बियाण्याला मेसोरायझोबियम लोटीचा एकच स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा एकच वाण, लावून पेरणी झाली. सात वर्षांनी सुलिव्हन, रॉनसन आणि इतर संशोधकांनी गाठी फोडून आतले जिवाणू वेगळे केले तर ते एकाच जातीचे नाहीतच! क्रोमोसोम वेगवेगळे, म्हणजे स्थानिक जिवाणू, पण गाठी करायचे आणि नत्र बांधायचे जीन्स हुबेहूब त्या लावलेल्या स्ट्रेनचे. हा सुमारे ५ लाख बेसचा अख्खा तुकडा, ज्याला आता सिम्बायोसिस आयलंड म्हणतात, लावलेल्या जिवाणूतून निघून मातीत आधीपासून गुपचूप राहणाऱ्या, गाठी न करणाऱ्या जिवाणूंत जाऊन बसला होता, तेही क्रोमोसोमवर, टीआरएनए (प्रोटीन बनवायला लागणारा एक रेणू) बनवणाऱ्या एका ठरावीक जीनपाशी. १९९५ आणि १९९८ मध्ये हे छापून आलं. प्लाझ्मिडवर नसलेला जीनसुद्धा असा हलतो हे यातून कळलं, म्हणून "क्रोमोसोमवर टाकला की झालं" असं कुणी ठामपणे सांगितलं तर पूर्ण विश्वास ठेवू नका, क्रोमोसोमवर नेमकं कुठे हे विचारा.

पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरुला नावाच्या चाऱ्याच्या पिकाचं याहून वाईट झालं. तिथेही बाहेरून आणलेला चांगला स्ट्रेन लावला, आणि सहा वर्षांत स्थानिक जिवाणूंनी त्याचे जीन्स उचलले, पण त्यातले काही असे निघाले की गाठी तर करतात आणि नत्र मात्र कमी बांधतात किंवा बांधतच नाहीत. म्हणजे झाड त्यांना साखर पुरवतंय आणि बदल्यात मिळत काही नाही. जीन ट्रान्सफरचं शेतकऱ्याला सोसावं लागणारं खरं नुकसान मला विचाराल तर ते असं दिसतं.

या सगळ्या केसेसमध्ये जीन का टिकला बघा. के-८४ चा प्लाझ्मिड ज्याला मिळाला तो विषातून वाचला. लोटसचा तुकडा ज्याला मिळाला त्याला मुळाच्या आत आयतं घर आणि खाणं मिळालं. फायदा होता म्हणून तो वाढला, आणि वाढला म्हणून आपल्याला सापडला. याची दुसरी बाजू टू-फोर-डी तणनाशकाच्या प्रयोगांत छान दिसते (आपल्याकडे उसात मारतात तेच). हे तणनाशक मोडून खाणारे जीन्स पीजेपी-४ नावाच्या प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड असलेले जिवाणू मातीत टाकले तर बाहेरून आणलेला तो जिवाणू थोड्या दिवसांत मरून जातो, पण मातीत टू-फोर-डी असेल तर प्लाझ्मिड घेतलेले स्थानिक बर्खोल्डेरिया वगैरे भराभर वाढतात आणि तणनाशक साफ करतात. टू-फोर-डी नसेल तर ते शोधूनही मिळायची मारामार. जिवाणू गेला, जीन राहिला, आणि राहिला तो फक्त गरज होती म्हणून. तेव्हा कुणी "आमचा जीएम जिवाणू महिनाभरात मरतो, काळजी नको" असं म्हटलं तर ते अर्धंच उत्तर आहे, विचारायचं त्याच्या जीनबद्दल.

आणि वाहतूक एकाच दिशेने नसते हेही लोक विसरतात. ऑक्सफर्डजवळ १९९३-९४ मध्ये शुगरबीटवर सुडोमोनस फ्लुओरेसेन्सचा एसबीडब्ल्यू-२५ हा स्ट्रेन सोडला होता, ओळखता यावा म्हणून क्रोमोसोममध्ये मार्कर जीन्स घातलेला. लिली आणि बेली या संशोधकांना दिसलं काय, तर शेतात गेल्यावर यानेच तिथल्या स्थानिक जिवाणूंकडून पारा सहन करायचे मोठमोठे प्लाझ्मिड घेतले. आपण सोडलेला जिवाणू शेतात तसाच राहतो असं धरून चालताच येत नाही. समजा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन जीएम जिवाणू एकाच शेतात आले, एकाचा जीन न हलणाऱ्या छोट्या प्लाझ्मिडवर आहे म्हणून तो सुरक्षित धरलाय, पण बाहेरून एखादा हलणारा प्लाझ्मिड त्याच्यात शिरला तर तो या न हलणाऱ्यालाही सोबत ओढून नेऊ शकतो. मोबिलायझेशन म्हणतात याला, आणि दोन्ही प्रॉडक्ट सुटेसुटे तपासले तर हे कधीच दिसणार नाही.

हे मोजतात कसं ते थोडं सांगते, कारण आकडे वाचताना उपयोगी पडेल. आरपी-४ सारखा प्लाझ्मिड असलेला दाता घ्यायचा, त्यावर कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन असतो, आणि रिफॅम्पिसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला न मरणारा ग्राहक घ्यायचा. दोन्ही मिसळून मेंब्रेन फिल्टरवर ओढायचे, फिल्टर साध्या मीडियावर रात्रभर २८ डिग्रीला ठेवायचा, सकाळी सलाइनमध्ये धुवून डायल्युशन करून दोन्ही अँटिबायोटिक असलेल्या प्लेटवर लावायचं, जे उगवेल त्याने प्लाझ्मिड घेतला. फिल्टरवर शंभरात एक इतकीही देवघेव सहज दिसते, तीच मातीत हजार ते लाख पटीने खाली येते, कारण माती म्हणजे बहुतेक रिकामीच जागा, कणांच्या पृष्ठभागाचा एक टक्काही जिवाणूंनी व्यापलेला नसतो आणि ते एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. मुळांभोवती, गांडुळाच्या पोटात, बुरशीच्या तंतूंवर आणि शेणखत पडलं तिथे प्रमाण परत वाढतं, कारण तिथे ओल आहे, खाणं आहे, गर्दी आहे. एक घोटाळा मात्र हमखास होतो, माती धुवून प्लेटवर टाकली की दाता आणि ग्राहक प्लेटवरच जोडी जमवतात आणि तुम्ही ते मातीत झालं म्हणून मोजता. म्हणून ग्राहक नॅलिडिक्सिक अॅसिडलाही न मरणारा घ्यायचा, प्लेटमध्ये ते घालून दात्याचं काम थांबवायचं, आणि दोघांना मातीत न मिसळता थेट प्लेटवरच एकत्र लावलेली कंट्रोल प्लेट ठेवायची. पेपरमध्ये हा कंट्रोल नसेल तर मी त्यातल्या आकड्यावर वेळ घालवत नाही.

आणि आकडा कमी आला म्हणून निर्धास्त व्हायचं का? हिशोब करा. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ९०० टन माती असते आणि एका ग्रॅममध्ये १०० कोटीच्या घरात जिवाणू. आपण प्लेटवर तपासतो दहा-वीस ग्रॅम. त्यात काही दिसलं नाही म्हणजे एकरात कुठेच झालं नाही असं कोण म्हणेल? इतक्या पेशींत कोट्यवधींत एकदा होणारी गोष्टही रोज होत असणार. म्हणूनच मी प्रमाणापेक्षा फायद्याला जास्त वजन देते, फायदा नसलेला जीन एखाद्या पेशीत गेला तर तिथेच विरून जातो, फायद्याचा गेला तर एक पेशीसुद्धा पुरे.

ट्रान्सफॉर्मेशनबद्दल आपल्याकडची एक गोष्ट. आपली काळी जमीन मॉन्टमोरिलोनाइट चिकणमातीने भरलेली, आणि या मातीच्या कणांना उघडा डीएनए घट्ट चिकटतो, तिथे त्याला मोडणारी एन्झाइम्स सहज पोचत नाहीत. स्टॉट्झ्की या संशोधकांनी दाखवलं की असा चिकटलेला डीएनएसुद्धा बॅसिलस सबटिलिस उचलू शकतो. मग लोक विचारतात, २००२ पासून विदर्भ-मराठवाड्यात बीटी कापूस आहे, त्यातला कॅनामायसिनचा मार्कर जीन मातीत गेला का? झाडातल्या अशा जीनचे प्रयोग अॅसिनेटोबॅक्टरवर झालेत, जिवाणूत आधीच त्याच जीनची मोडकी कॉपी ठेवली तर झाडाचा डीएनए घेऊन तो दुरुस्त होतो, पण जुळणारा तुकडा नसेल तर ट्रान्सफर दिसलं नाही. शिवाय कॅनामायसिनला दाद न देणारे जीन्स मातीत पूर्वीपासून आहेत. कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये मातीतले ४८० स्ट्रेप्टोमायसिस तपासले तर एकेक जिवाणू सरासरी ७-८ अँटिबायोटिक्सना पुरून उरत होता. त्यामुळे रेझिस्टन्सची चिंता असेल, आणि ती असायलाच हवी, तर माझी नजर आधी अँटिबायोटिक खाल्लेल्या जनावरांच्या नि कोंबड्यांच्या कच्च्या खताकडे जाते, त्यातून हलणारे प्लाझ्मिड आणि औषधाचे अंश दोन्ही एकदमच शेतात येतात. तरीही जीएम जिवाणूत अँटिबायोटिक मार्कर ठेवून तो शेतात सोडणं मला अजिबात पटत नाही, काढता येतो तर काढा. अमेरिकेत १९९७ मध्ये आरएमबीपीसी-२ हा लसूणघासाचा रायझोबियम मंजूर झाला त्यात स्ट्रेप्टोमायसिनचा मार्कर होता, आज कुणी तसं डिझाइन आणलं तर मी विरोध करेन.

आत्महत्येच्या जीन्सचं पण विचारलं जातं, म्हणजे काम झालं की जिवाणूने स्वतःलाच मारायचं. सुडोमोनस पुटिडामध्ये जीईएफ सारखे मारक जीन्स घालून हे केलंय, पण म्युटेशनने दर दहा लाखांत एखादी पेशी सुटते, दोन कॉपी टाकल्या तर दहा कोटींत एखादी. वरचा एकराचा हिशोब आठवा, हे पुरत नाही. आणि जिवाणू मेला तरी जीन आधीच गेला असेल तर? त्यासाठी वेगळी युक्ती आहे, कोलिसिन ई-३ सारखा मारक जीन मुख्य जीनशेजारीच ठेवायचा आणि त्याचा उतारा दात्याच्या क्रोमोसोमवर, म्हणजे जो चोरून घेईल तोच मरेल. मला ही कल्पना जास्त आवडते, पण तीही म्युटेशनपुढे पूर्ण टिकत नाही.

सध्या बाजारात जे आलंय त्याचा कल वेगळा आहे. पिव्हट बायो कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेत मक्यासाठी क्लेबसिएला व्हॅरिकोला आणला, त्यात बाहेरचा जीन नाही, त्याचाच नत्र बांधायचा कंट्रोल बदललाय, नायट्रोजन खत असतानाही काम चालू राहावं म्हणून. आता वरचे दोन प्रश्न लावा. हा बदल दुसऱ्या जिवाणूत गेला तर त्याला काय मिळेल? कष्टाने नत्र बांधून बाहेर सोडून द्यायचं, म्हणजे ओझंच. म्हणून ट्रान्सफरच्या बाबतीत मला तो बऱ्यापैकी सेफ वाटतो. भारतात मात्र जीन बदललेले सूक्ष्मजीव १९८९ च्या नियमांखाली येतात, आरसीजीएम आणि जीईएसी या दोन सरकारी समित्यांतून जावं लागतं, २०२२ मध्ये जीनोम एडिटिंगला जी सवलत दिली ती वनस्पतींसाठी आहे.

राहिलं तुमच्या पाकिटाचं. दुकानात मिळणारं रायझोबियम, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), अझोटोबॅक्टर (मातीत मोकळे राहून नत्र बांधणारे) हे जीएम नाही, निवडलेले साधे स्ट्रेन आहेत. पण न्यूझीलंड आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात झालं तसं जीन्सचं जाणं-येणं त्यांच्यातही होऊ शकतं, त्यामुळे "मागच्या वर्षी लावलं होतं, आता जमिनीत आहेच" असं म्हणून सोडू नका, मातीत आहेत ते गाठी करणारे असतील, पण चांगलं नत्र बांधणारेच असतील याची खात्री नाही. हरभरा ४०-४५ दिवसांचा झाला की दोन-चार ठिकाणची झाडं उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा, पाण्यात हलक्या हाताने माती सोडवा आणि मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत लालसर गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल आणि अशाच गाठी भरपूर दिसत असतील, तर पुढच्या वर्षी ताजं, तारीख बघून घेतलेलं पाकीट, बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी उरकून जिवाणू शेवटी लावायचे, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं.